मशीनचं पाणी हळदीत शिरलं त्याची हकीकत

डोंगरकडा,
रविवार, दुपारची वेळ

ती. आक्कांना धाकट्या भावजयीचा नमस्कार. पाया पडते, पण लांबूनच, कारण तुमच्या गुडघ्यांचं दाजींनी सांगितलं तेव्हापासून तुमच्या पायांना हात लावायची मला भीती वाटते. गुडघे आता कसे आहेत? एरंडीच्या पानांचा शेक बंद करू नका. दाजींचा खोकला, नातवाचे दात आणि तुमच्या दारची ती मारकी म्हैस, सगळ्यांची खुशाली कळवा. इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. (सर्व म्हणजे दोन्ही घरं मिळून. हे मी मुद्दाम लिहिलं आहे, चुकून नाही. पुढे वाचा.)

आता तुम्ही म्हणाल, फोन असताना ही बाई कागद काहून काळे करून राहिली. तर फोनचं असं आहे की तो वाजला की तुमचे धाकटे बंधू आधी स्पीकर लावतात, मग तो बाजेवर ठेवतात आणि चार पावलं लांब उभे राहून गल्लीला ऐकू जाईल असं 'बोला' म्हणतात. मला जे सांगायचं आहे ते गल्लीला सांगायचं नाही. शिवाय आक्का, मला इतकं सांगायचं आहे की फोनवर सांगायला लागले तर मध्येच हसू येईल, मध्येच रडू येईल आणि तुम्हाला नेमकं काय झालं ते कळायचं नाही. म्हणून सगळं बाजूला ठेवून बसले आहे. तुमचे बंधू शेतात केळीला पाणी द्यायला गेले आहेत, ते यायच्या आत पत्र संपवायचं आहे. अक्षर वाकडं आलं तर घाईचं समजा.

पुनमने मला कपडे धुवायची मशीन घेऊन दिली, हे तुम्हाला ठाऊक आहे. पोरगी नांदेडच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली आणि तिची पहिली मोठी खरेदी झाली ती आईच्या कमरेसाठी. मशीन आली त्या दिवशी मी तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. (उंबऱ्यावर फोडला. तुमच्या बंधूंना तो मशीनवरच फोडायचा होता, मी आडवी पडले म्हणून मशीन वाचली.) मागच्या पडवीत न्हाणीला लागून तिला जागा केली, गच्चीवरच्या टाकीचा नळ तिला जोडला आणि पहिले काही दिवस मी चक्क पाट टाकून तिच्यापुढे बसायचे. झाकणाच्या काचेतून आतलं दिसतं ना. यांचं धोतर, माझं लुगडं, पुनमची ओढणी, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून गोल गोल फिरत असतात. आपल्या खानदानात इतकं मिळून-मिसळून राहणारं दुसरं काही मी गेल्या काही वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

मिळून-मिसळून म्हटलं की तुमच्या मनात काय येणार ते मला माहीत आहे. रुद्रच्या, म्हणजे जाऊबाईंच्या लेकाच्या, लग्नाची ती पत्रिका. भाऊजींनी म्हणजे तुमच्या थोरल्या बंधूंनी किती हौसेने छापली होती. सोनेरी अक्षरं, वर गणपती, आणि खाली लहान लेकरांच्या नावांचा तो भाग असतो ना, 'आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं', त्यात गोलू, परी, सोनू आणि त्यांच्या रांगेत शिवशंकर, म्हणजे तुमचे धाकटे बंधू. पन्नाशी उलटलेला माणूस, मिशा पांढऱ्या झालेल्या, आणि नाव परी आणि सोनूच्या मध्ये. छापणाऱ्याने काकांच्या रांगेतलं नाव कसं काय खाली उतरवलं ते त्यालाच माहीत. भाऊजी म्हणाले, छापणाऱ्याची चूक. हे म्हणाले, छापायच्या आधी वाचून तुम्हीच दिली होती. इथवर सगळं मिटण्यासारखं होतं. पण भाऊजी रागाच्या भरात बोलून गेले की वागतो लेकरासारखा, मग नाव लेकरांत आलं तर बिघडलं कुठं. झालं. हे लग्नात जेवले नाहीत, आणि तेव्हापासून पाठीला पाठ लावून असलेल्या दोन घरांतले दोन भाऊ एकमेकांशी शब्द बोलले नाहीत. मधल्या भिंतीवर हात टेकून उभे राहायचे, एक इकडे बघायचा, एक तिकडे.

आणि तुम्ही निरोप धाडलात की दोघं मिळून मला न्यायला मुराळी आलात तरच माहेरी येईन, एकटा जो येईल त्याला दारातूनच चहा पाजून परत लावीन. तुमचं बरोबरच होतं. कुणाच्या दारात आधी उतरायचं हा प्रश्न तुम्हाला तरी कशाला? पण दिवाळ्या तुमच्याविना सुन्या गेल्या, आक्का. दोघांनाही वाटायचं न्यायला जावं, आणि दोघांनाही वाटायचं की आधी त्याने विचारावं. (जाऊबाई आणि मी बोलणं कधी सोडलंच नव्हतं, हे तुम्हाला म्हणून सांगते. भिंतीवरून वाटी जायची, वाटी यायची, आणि वाटीबरोबर खबरही जायची. पण ते सगळं पुरुष शेतात गेल्यावर.)

आता खरी हकीकत. शिमगा होऊन गेला होता. भाऊजींची हळद शिजून त्यांच्या अंगणात वाळत पडली होती. यंदा काय हळद पिकली त्यांची, नजर लागावी अशी. त्यांचं अंगण आपल्यापेक्षा सखल, हे तुम्हाला आठवत असेल. तुम्ही लहानपणी त्याच उतारावर घसरून कपाळाला खोक पाडून घेतली होती म्हणे. भिंतीच्या बुडाशी पावसाचं पाणी जायला एक भोक आहे. त्या सकाळी मी मशीनमध्ये गोधडीची खोळ, चादरी असं जड-जड घातलं, बटण दाबलं आणि ओसरीवर डाळ निवडायला बसले. मशीनचं एक आहे, ती आधी पाणी भरते, पाहिजे तेवढं झालं की आपली आपण थांबते आणि मग घुमायला लागते. त्या दिवशी ती घुमेचना. नुसती भरून राहिली. मला वाटलं, चादरी मळकट आहेत, जास्त पिऊ दे. बिचारीला मीच मोकळीक दिली. डाळ निवडून उठते तर पडवीत घोटाभर पाणी, माझी एक चप्पल न्हाणीकडे निघालेली आणि झाकणाच्या कडेने फेस असा बाहेर येऊन राहिलेला जसं दूध उतू जातं.

मी यांना हाक मारली. हे अर्धी दाढी झालेल्या तोंडाने धावत आले. आधी त्यांनी मशीनला दोन्ही हातांनी धरलं, जसं वासरू धरतात. मग होती नव्हती तेवढी सगळी बटणं दाबली. मशीनने आपलं ते गाणं वाजवून दाखवलं आणि भरणं चालूच ठेवलं. मग हे मागचा नळ बंद करायला गेले. त्या नळाची चावी नुसतीच गरगर फिरते, हे मी सहा महिन्यांपासून सांगून राहिले होते, ते त्यांना तेव्हा पटलं. मग गच्चीवर टाकीचा वॉल बंद करायला निघाले, तर पायरीवर साबणाचं पाणी, दोनदा घसरून बसले आणि परत आले. (एरवी दिवसातून चार वेळा जाणारी लाईट त्या दिवशी जाईना. देव बघतो म्हणतात ते खोटं नाही, पण कधी कधी तो नुसताच बघत बसतो.) आणि इतक्यात भिंतीपलीकडून जाऊबाईंची हाक आली, "अगं संगिता, हळदीत पाणी आलं की गं."

शिजवलेली हळद एकदा भिजली की काळी पडते, बुरशी धरते, मग तिला बाजारात कुणी हात लावत नाही. त्यांच्या घरचं वर्षभराचं सगळं त्या अंगणात पसरलेलं, आणि आमच्या घरातून निळं फेसाळ पाणी भोकातून तिकडं चाललेलं. पत्रिकेवरून जे झालं ते झालं, पण आता हळद गेली तर दोन घरं पुढच्या पिढीपर्यंत बोलणार नाहीत, हे मला तिथल्या तिथं दिसलं. आणि मग भिंतीवर भाऊजींचं डोकं आलं. हातात फावडं. हे इकडे अर्ध्या दाढीने चावी फिरवून राहिलेले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"शिवा, पाणी बंद कर."

"बंद होत न्हाई, दादा."

आक्का, हे 'दादा' म्हणाले. इतक्या वर्षांनी. त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"चावी फिरव की."

"फिरवूनच राहिलो. नुसती फिरती."

मग भाऊजी भिंतीवरून इकडे उतरले. बाजूला चांगलं दार आहे, उघडं होतं, पण ते भिंतीवरूनच आले, या वयात, धोतराचा काचा मारून. आणि दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून ती फिरणारी चावी फिरवायला लागले, जणू एकाने फिरवून जे होत नाही ते दोघांनी फिरवून होणार होतं. मला एकच दिसलं की दोघं उघड्या पायांनी पाण्यात उभे आहेत आणि मशीनमध्ये वीज आहे. मी रबरी चपला घातल्या, कोरडं फडकं घेतलं आणि भिंतीवरची पिनच उपसून काढली. पाणी जागच्या जागी थांबलं. भरायचा आवाज बंद. सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतका वेळ हे कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही.

पुढचं सगळं पळापळीत झालं. आम्ही चौघं हळदीकडे धावलो. पाणी एका कडेने शिरलं होतं, अजून मध्यापर्यंत पोचलं नव्हतं. भाऊजींनी फावड्याने दांड काढून पाणी वळवलं, यांनी भोकात पोतं कोंबलं, आणि जाऊबाई न् मी घमेली भरभरून कोरडी हळद वर गच्चीवर नेऊन टाकायला लागलो. तुम्हाला तर माहीत आहे, मी भाऊजींच्या समोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही की तोंड वर करून बोलले नाही. आणि त्या दिवशी पदर कमरेला खोचून मी त्यांनाच सांगितलं की भाऊजी, तिथं नुसते उभे राहू नका, घमेलं धरा. त्यांनी मुकाट्याने धरलं. (नंतर आठवलं तेव्हा मला घाम फुटला. जाऊबाई म्हणाल्या, त्यांना असं सांगणारं कुणीतरी पाहिजेच होतं, मी एकटी पुरी पडत नव्हते.) भिजलेली कड वेगळी काढून कपड्याने पुसून उन्हात दिली. हळद वाचली, आक्का. मूठ-पसा गेली असेल, बाकी सगळी वाचली.

मला वाटलं, आता काम संपलं, भाऊजी जातील, परत भिंत ती भिंत. पण भाऊजी गेले नाहीत. ते मशीनपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले की आतली पाण्याची चावी अडकली असणार, विहिरीवरच्या मोटारीचं त्यांचं असंच झालं होतं. हे म्हणाले की चावी नाही, आतला बोर्ड जळला असणार. भाऊजी म्हणाले, तुला बोर्डातलं काय कळतं. हे म्हणाले, तुम्हाला मशीनमधलं काय कळतं. मी घाबरून आत गेले आणि चहा ठेवला. बाहेर येऊन बघते तर दोघं जमिनीवर बोटाने पाण्याच्या रेघा ओढून एकमेकांना मशीन समजावून देऊन राहिलेले. चहा झाला. दुसरा चहा झाला. जाऊबाईंनी तिकडून भाकरी आणि ठेचा आणला, दोघं एका ताटाला बसले, आणि खाताना कंपनीला फोन लावला. तिकडून एक बाई हिंदीत एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिली. भाऊजी प्रत्येक वेळी तिला 'व्हय जी' म्हणत होते. शेवटी असं ठरलं की वारंगा फाट्यावर जळालेल्या मोटारी भरून दुरुस्त करणारा शंकरसिंग आहे, त्याला उद्या आणायचा. आणि न्यायला कुणी जायचं? हे म्हणाले, दादाला बिघाड नीट सांगता येणार नाही. भाऊजी म्हणाले, शिवा भलतंच सांगून बसेल. म्हणून दोघांनीही जायचं. गाडी तर एकच चालू.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आक्का, दोघं भाऊ एका मोटरसायकलवर बसून गेले. हे पुढे, भाऊजी मागे, हात यांच्या खांद्यावर. हाटेलवाला चहाचं गाळणं हातात घेऊन रस्त्यावर आला. पारावरची माणसं उठून उभी राहिली. मी आणि जाऊबाई दारात उभ्या होतो, एकमेकींकडे बघायची सोय नव्हती, बघितलं असतं तर दोघींनी तिथंच डोळ्याला पदर लावला असता.

ते गेले आणि जाऊबाई म्हणाल्या, चल, बघू तरी हिला काय तकलीफ आहे. आधी पिन काढलेली आहे ना ते दोनदा बघितलं. मग मशीन फिरवून घेतली आणि मागचं पत्र्याचं झाकण विळीच्या टोकाने स्क्रू फिरवून काढलं. आत वायरी, पट्टा, नळ्या. मला तर सगळं सारखंच दिसलं. पण जाऊबाईंचं डोकं बघा कसं चाललं. त्या म्हणाल्या, काल पिन काढल्याबरोबर पाणी थांबलं ना, मग चावी चांगली आहे. चावीच अडकली असती तर वीज नसतानाही पाणी येतच राहिलं असतं. म्हणजे भाऊजींचं म्हणणं गेलं. मी म्हटलं, आणि बटणं दाबल्यावर गाणं वाजतं, दिवे लागतात, मग बोर्ड तरी कसा जळला असेल. म्हणजे यांचंही गेलं. मग उरलं काय? जाऊबाई मशीनकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या,

"हिला कळतच न्हाई गं, पोट भरलेलं."

मी पुनमला फोन लावून आतलं सगळं दाखवलं. (फोन जाऊबाईंचा. स्पीकर न लावता.) तिने तिकडे कुणाला तरी विचारून सांगितलं की एक बारीक नळी असते, पाणी चढलं की तिच्यातली हवा दबते, ती हवा वरच्या खटक्याला सांगते की आता पुरे. आम्ही शोधायला लागलो, आणि सापडली. काळी, करंगळीहून बारीक नळी, खालच्या टोकाला उंदराने कुरतडून ठेवलेली आणि जागेवरून निसटून लोंबत पडलेली. उंदराला घरात एवढी ज्वारी असताना ही रबरी नळी कशाला गोड लागली देव जाणे. आम्ही खराब टोक कात्रीने कापलं, उरलेली नळी ओढून परत जागेवर घट्ट बसवली, पिन लावली, मशीन चालू केली, आणि आक्का, ती परत भरून वाहायला लागली.

मी तर रडकुंडीला आले. पण या वेळी पिनेजवळच उभी होते, लगेच उपटली. जाऊबाई न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून बादलीत बघत विचार करून राहिल्या होत्या. मग त्यांनी काय केलं, तांब्याजवळचा पेला घेतला, पालथा धरून बादलीत दाबला. म्हणाल्या, बघ, हवा आत कोंडली म्हणून पाणी वर चढत नाही, हाताला कसं वर लोटतंय बघ. आता पेला आधीच पाण्यात बुडवून मग पालथा धर, काही लोटत नाही. आपण नळी बसवली तेव्हा मशीनमध्ये कालचं पाणी तसंच होतं ना? मग नळीत हवा कुठून कोंडणार? आपल्या घरात हे असं डोकं इतकी वर्षं नुसतं भाकऱ्या थापत बसलं होतं.

मग आम्ही मशीन पूर्ण उपसली. खालची मोरीची नळी सोडली, चादरी पिळून काढल्या, थेंब राहू दिला नाही. नळी काढली, फुंकून कोरडी केली, परत बसवली. पिन लावली. दोघी मशीनच्या दोन बाजूंना उभ्या, माझा हात पिनेवर, जाऊबाईंचा झाकणावर. पाणी यायला लागलं. चढलं. आणखी चढलं. आणि मग एक बारीकसा खट्ट आवाज आला, पाणी आपलं आपण थांबलं आणि मशीन घुमायला लागली. तिला कळलं, आक्का, पोट भरलेलं कळलं! मला लेकीच्या वेळी सुईण 'पोरगी हाय' म्हणाली तेव्हा झाला होता तेवढा आनंद झाला. जाऊबाईंनी मीठ-मिरच्या घेऊन मशीनची दृष्ट काढली, मग माझी काढली, मग मी त्यांची काढली, आणि शेवटी ठसक्याने दोघींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. (मिरच्यांमुळेच म्हणून सोडून द्या.)

झाकण लावून होतंय न होतंय तोच मोटरसायकल आली. तिच्यावर तिघं. शंकरसिंग मध्ये, हत्यारांची पिशवी त्याच्या मांडीवर, आणि दोघं भाऊ पुढे-मागे. आणि दोघं हसत होते. वाटेत वारंग्याला भजी खाल्ली म्हणे, आणि लहानपणी शाळा बुडवून दोघं भजी खायला गेले न् तुम्ही त्यांना पकडून कान धरून घरी आणलं होतं, ती गोष्ट शंकरसिंगला सांगत आले होते. मी तोंड उघडून सांगणार होते की मशीन नीट झाली. जाऊबाईंनी माझा दंड दाबला. मला कळलं. ते हसू बघून मलाही सांगवेना. शंकरसिंगने मशीनवर हात ठेवला, बटण दाबलं, मशीन भरली, थांबली, घुमायला लागली. त्याने जरा कान लावून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "कुछ नहीं, हवा का लोचा था." (आक्का, हे त्याचं अंदाजे बोलणं अगदी बरोबर होतं, हे त्यालाही माहीत नाही.) भाऊजी यांना म्हणाले, बघ, हवा चावीतच अडकते. हे म्हणाले, हवा लागली म्हणूनच बोर्ड थंड झाला. दोघांचंही खरं ठरलं. शंकरसिंगला पोहे-चहा दिला, आणि तो दोघा भावांच्या मध्ये बसून पोहे खात असताना मला वाटलं, हीच खरी दिवाळी.

तर असं झालं. मशीन आता झकास चालते, हळद वाळून खडखडीत झाली, आणि तुमचे दोन्ही बंधू बोलले, जेवले, एका गाडीवर बसले. ही खबर तुम्हाला पहिली कळवावी म्हणून एवढं लिहिलं. लांबलं असेल तर चष्मा काढून डोळ्यांना आराम द्या आणि परत वाचा. तुमच्या माहेरच्या दोन्ही उंबऱ्यांचा नमस्कार.

तुमची धाकटी भावजय,
संगिता

ता. क. – 'बोलले' असं मी वर लिहिलं आहे, 'बोलतात' असं लिहिलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. मशीन सुधारली आणि बोलायला विषयच उरला नाही. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी भिंतीवरून विचारलं, "चालली का?" हे म्हणाले, "चालली." झालं. मग दोघं आपापल्या दिशेला बघत उभे राहिले. राग आता राहिलेला नाही, आक्का, मी दोघांची तोंडं ओळखते. नुसती सवय लागली आहे, आणि आधी बोलायचं कुणी, हे कळेना झालं आहे.

दुसरा ता. क. – म्हणून जाऊबाईंनी आणि मी विचार करून ती नळी परत काढली. या वेळी हळद आधी गच्चीवर नेली आणि मग काढली. भाऊजी हाकेसरशी आले, पूर्ण दुपार दोघं भाऊ मशीनपाशी बसून होते, जेवण एकत्र झालं. मग मशीन आपोआप सुधारली. पुढच्या आठवड्यात ती परत बिघडली, पुन्हा जेवण एकत्र झालं. पण आता यांना संशय येऊन राहिला आहे की बिघाड नेमका जाऊबाईंनी वरण-फळं केली त्याच दिवशी कसा होतो. आणखी एकदा केलं तर पकडल्या जाऊ.

तिसरा ता. क. (हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते) – तुमच्याकडेही वरच्या झाकणाचीच मशीन आहे, मी पाहिली आहे. आक्का, तिच्या मागे डाव्या अंगाला ती बारीक काळी नळी असेल. ती हळूच ओढून ठेवा. मग मशीन चालू करून पाणी भरून वाहू द्या, थोडंच, दाजींना दिसेल इतकं. आणि दोघा भावांना वेगवेगळा फोन करा, रडवेल्या आवाजात, की मशीन वाहून राहिली, आमच्या सेनगावात हिच्यातलं कुणाला काही कळत नाही, संगिताची बिघडली होती ती तूच सुधारलीस म्हणे. 'तूच' असं दोघांनाही म्हणा. दोघं एकमेकांवर सोपवून घरी बसणार नाहीत, याची हमी मी देते. एका गाडीवर येतील. दारात आले की दोघांच्याही हातावर गूळ-पाणी ठेवा आणि सांगा, मुराळी आलातच तर मला घेऊनच जा. पुढचं आम्ही दोघी बघतो. पुरणाची डाळ आणून ठेवली आहे.

चौथा ता. क. – दाजींना आधी सांगू नका, त्यांना हसू आवरत नाही. आणि नळीला हात लावायच्या आधी पिन काढा, रबरी चप्पल घाला, दोनदा बघा. भाऊ जोडता जोडता आम्हाला नणंद गमवायची नाही.